‘पगारावर एक रुपयाही जाऊ नये’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रश्न : माझे यजमान सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जन्मभर मागावर होते. ते गेले त्याला मार्गशीर्षात वर्ष होईल. मी शिक्षिका होते, मला पेन्शन आहे. त्यांच्या नावाने तीन लाख रुपये चांगल्या कामाला द्यावेत असं मनात आहे, पण कुणाला द्यावेत हे कळत नाही. दीर म्हणतात, देवळाला शेड बांधून द्या, नावाची पाटी लागेल; बाकी संस्था सगळ्या चोर. मुलगी पुण्याहून मोबाईलवर आजारी बाळांचे व्हिडिओ पाठवते. एका आश्रमातून सारखा फोन येतो. ओळखीच्या शाळेचे लोक म्हणतात, ठेव ठेवा, व्याजातून दहावीच्या पहिल्या नंबराला बक्षीस देऊ. माझी अट एकच आहे. यातला एक रुपयाही कुणाच्या पगारावर किंवा ऑफिसवर जाऊ नये, सगळा गरिबाच्या हातात पडावा. यांच्या दोघा जोडीदारांना टीबी झाला होता, तेव्हा हे पगाराच्या दिवशी त्यांच्या घरी अंडी आणि शेंगदाणे नेऊन द्यायचे, कुणाला न सांगता. तसं काही करता येईल का? संस्था खरी की खोटी हे कसं ओळखायचं? आणि पावतीवर आयकर सवलतीचं ८०जी असायलाच हवं का?
– भवानी पेठेतील एक वाचक

ताई,

तुमची ती एकच अट आहे ना, ती सोडून द्या असं मी तुम्हाला सांगणार आहे. राग मानू नका. सार्वजनिक न्यासांचे, म्हणजे ट्रस्टचे, हिशेब तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे आणि देणगीदारांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली अट हीच आहे. ती चांगल्या मनातून येते, पण तिच्यामुळे चांगल्या संस्थांचे हाल होतात आणि लबाडांचं फावतं.

तुम्ही स्वतः शाळेत शिकवलंत. तुमचा पगार हा शाळेचा वायफळ खर्च होता का? शाळा चालायची ती त्या पगारावरच. अंध मुलाला ब्रेल शिकवणारी बाई, टीबीच्या रुग्णाने गोळी घेतली की नाही हे बघायला घरी जाणारा कार्यकर्ता, दारूच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्या माणसाशी तासभर बोलत बसणारा समुपदेशक, यांचं काम म्हणजेच ती मदत. वस्तू वाटणं सोपं असतं. माणसाच्या मागे लागून त्याचं आयुष्य रुळावर आणायचं तर कुणीतरी रोज सकाळी उठून त्याच्याकडे जावं लागतं, आणि त्या कुणाच्या तरी घरीही चूल पेटावी लागते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. बाळंतपणानंतर घरोघर जायचं, बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखून तिथल्या तिथे उपचार सुरू करायचे. तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहिलं तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. १९९९ साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्या बायकांना कामाचे पैसे मिळत होते. ‘मानधनावर एक रुपया नको’ असं त्यांच्या देणगीदारांनी म्हटलं असतं, तर त्या बाळांपर्यंत कोण पोचलं असतं? या कामातली आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. त्यांनी मोजलं. किती बाळं जन्मली, किती गेली, आपण नसतो तर काय झालं असतं, हे सगळं कागदावर आणलं. संस्थेला विचारायचा पहिला प्रश्न तोच ठेवा : तुमच्या कामाने काय बदललं, आणि ते तुम्हाला कसं कळलं? ‘आम्ही एवढी शिबिरं घेतली, एवढ्या वह्या वाटल्या’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, मग पुढे काय झालं?

पगार शून्य दाखवणाऱ्या संस्थेचे कागद मी जास्त काळजीपूर्वक बघते. बहुतेकदा तो खर्च दुसऱ्या नावाखाली लपवलेला असतो, नाहीतर काम नावापुरतं चाललेलं असतं. उलट एखाद्या मूकबधिर शाळेच्या पत्रकात आस्थापना खर्च मोठा दिसतो म्हणून देणगीदार बिचकतात. तिथे शिक्षकांचे पगार त्या रकान्यात टाकलेले असतात, एवढंच. नुसती टक्केवारी बघून काही कळत नाही.

मग ताळेबंदात बघायचं काय? महाराष्ट्रातल्या प्रत्येक सार्वजनिक न्यासाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी लागते. पावतीवर किंवा पाटीवर तो नोंदणी क्रमांक असतो. धर्मादाय संस्थांचा बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’ने सुरू होतो. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं आणि आपल्या सोलापुरातही कार्यालय आहे. दरवर्षीचे तपासलेले हिशेब तिथे द्यावे लागतात : परिशिष्ट ८ म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट ९ म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक. संस्थेत जाऊन सरळ सांगा, मागच्या तीन वर्षांचं आठ आणि नऊ बघायला द्या. हे शब्द ऐकले की समोरचा माणूस ओळखतो की या बाई विचारपूस करून आल्या आहेत. पुढच्या पाच मिनिटांत त्याचा चेहरा जे सांगेल तेही ध्यानात ठेवा. चांगल्या संस्थेत फाईल लगेच टेबलावर येते, बहुतेक वेळा चहासोबत. ‘सीएकडे आहे’, ‘पुढच्या महिन्यात या’, ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असं सुरू झालं की नमस्कार करून बाहेर पडा. दुसरा पुरावा शोधू नका.

फाईल मिळाली तर चार ठिकाणी बोट ठेवा. परिशिष्ट ९ मध्ये ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ वेगळा दाखवलेला असतो आणि त्यात शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबी निवारण असे पोटभाग असतात. संस्था तोंडाने जे सांगते त्याच रकान्यात रक्कम आहे का ते बघा. विश्वस्तांना उचल किंवा कर्ज दिलेलं दिसतं का? जागेचं भाडं जातं ते विश्वस्ताच्याच घरच्या माणसाला जातं का? आणि ठेवींचा आकडा दरवर्षी फुगतोय पण काम तेवढंच आहे, असं तर नाही ना? यातलं काही आढळलं म्हणजे लबाडीच आहे असं नव्हे, पण कारण विचारा. ठेवी नव्या इमारतीसाठी असतील तर ते तसं सांगतील. विश्वस्तांच्या यादीत एकाच घरातली सगळी माणसं असतील तर मात्र मी स्वतः तिथे मोठी रक्कम देणार नाही.

‘सगळ्या संस्था चोर’ या दिरांच्या बोलण्यावर एवढंच सांगते, की देवळाचा ट्रस्टही याच कायद्याखाली, याच कार्यालयात नोंदलेला असतो आणि त्यालाही हेच हिशेब द्यावे लागतात. तेव्हा शेड बांधायची असली तरी आठ आणि नऊ मागा. ज्या देवळात वारकरी, म्हातारी माणसं उन्हात उभी राहतात तिथे शेड हे चांगलंच काम आहे, त्याला मी नाव ठेवणार नाही. सिद्धरामेश्वरांनी या गावासाठी तळं खणलं, आपल्याकडे श्रद्धा आणि लोकांची गरज यांची फारकत कधी नव्हती. वर्षश्राद्धाला अन्नदान करावंसं वाटत असेल तर जरूर करा, घरच्या ऐपतीप्रमाणे. तीन लाखांचा प्रश्न त्यापासून वेगळा ठेवा.

आता मूळ गोष्ट. देणगीदार आधी संस्था शोधतात आणि मग तिथे जे काम चालतं ते आपलं मानतात. मी उलट करायला सांगते. आधी दुखणं ठरवा. तुमच्या पत्रातली सगळ्यात जिवंत ओळ ती अंड्यांची आणि शेंगदाण्यांची आहे. यजमानांनी जे केलं ते नुसतं चांगुलपण नव्हतं, ते वैद्यकीयदृष्ट्याही अगदी बरोबर होतं. टीबीचा जंतू पुष्कळांच्या अंगात असतो, पण तो उसळतो तो बहुधा अशक्त शरीरात. झारखंडमध्ये चार जिल्ह्यांत एक मोठा अभ्यास झाला. २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं त्यात होती. रुग्णांना सगळीकडे धान्य-डाळीची शिधापेटी दिली. निम्म्या ठिकाणी घरच्यांनाही शिधा दिला. ज्या घरांत सगळ्यांना पोटभर आणि सकस मिळालं, तिथे घरच्यांना संसर्गजन्य टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटलं. २०२३ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. औषध सरकार फुकट देतंच. सरकार रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी महिन्याला पैसेही टाकतं. नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० वरून १००० रुपये झाले आहेत. पण एका पगारावर चालणाऱ्या घरात तो पैसा भाड्यात आणि किराण्याच्या उधारीत जातो. विड्या वळणाऱ्या बाईला टीबी झाला की तिची रोजची कमाईही थांबते. आपल्या पूर्व भागात तुम्ही हे डोळ्यांनी पाहिलं असेल.

यासाठी २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ नावाची सोय आहे. कुणीही नागरिक नाव नोंदवून टीबीच्या रुग्णांचा पोषणाचा खर्च किमान सहा महिने उचलू शकतो. महापालिकेच्या क्षयरोग विभागात जाऊन चौकशी करा. ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, तेल, जमलं तर अंडी असा एका रुग्णाचा महिन्याचा शिधा हजाराच्या आसपास बसतो. म्हणजे एक लाखात पंधरा-सोळा रुग्णांचे पूर्ण सहा महिने निघतात; घरच्यांचाही शिधा धरला तर आठ-दहा घरं. मी घरं कमी घेईन पण घरच्यांना वगळणार नाही, कारण फायदा तिथेच सगळ्यात मोठा दिसला आहे. रुग्णाची संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव तुम्हाला कळणार नाही आणि ते योग्यच आहे. शिधा देताना फोटो काढू देऊ नका, कुणी आग्रह केला तरी. टीबी झालाय हे गल्लीत कळलं तर त्या घरातल्या मुलीचं लग्न अडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचे यजमान कुणाला न सांगता जायचे ते उगीच नव्हे.

हे तुम्हाला एकटीने झेपणार नसेल, तर क्षयरोगावर किंवा कामगार वस्तीत आरोग्याचं काम करणारी संस्था शोधा आणि तिथे त्या घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्तीच्या पगाराला हातभार लावा. एका कार्यकर्तीमुळे किती जण मध्येच गोळ्या सोडायचे थांबतात, हा आकडा त्या संस्थेकडे मागा. संस्थेचं नाव मी इथे छापत नाही. आज चांगली असलेली संस्था विश्वस्त बदलले की बदलते, आणि तुमच्या घरापासून रिक्षाने जाऊन बघता येईल अशा ठिकाणी तुम्ही स्वतः जाऊन यावं असं मला वाटतं. न कळवता जा, दुपारी जा. कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्याच संस्था छान दिसतात.

फोन करणाऱ्या आश्रमाबद्दल. निराधार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली नोंदणी लागते आणि बाल कल्याण समितीच्या आदेशाशिवाय मूल ठेवता येत नाही. फोनवर एवढंच विचारा : बाल न्याय कायद्याखालचं प्रमाणपत्र आहे का, पत्ता काय, मी बघायला कधी येऊ? उत्तर मिळालं नाही तर नंबर ब्लॉक करा. अशा मुलांची ओळख जाहीर करायला याच कायद्याने बंदी आहे. तेव्हा मुलांचे चेहरे आणि नावं छापून, त्यांच्या आईबापांच्या करुण कहाण्या सांगून पैसे मागणारी संस्था कायदाही पाळत नाही आणि मुलांचा मानही राखत नाही. आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. वाढदिवसाचा केक घेऊन आश्रमात जाणं आता आपल्या शहरातही रुळलं आहे. मुलांना रांगेत उभं करून अनोळखी माणसासाठी टाळ्या वाजवायला लावतात. ते बघून मला फार वाईट वाटतं. त्याच पैशांत एका मुलाच्या शिकवणीची वर्षाची फी भरा. आणि पुष्कळदा त्या मुलाची आई जिवंत असते, तिला सांभाळणं परवडत नाही म्हणून मूल संस्थेत येतं. राज्याची बालसंगोपन योजना अशा घराला महिन्याला २२५० रुपये देते. तिचा अर्ज भरायला, कागद गोळा करायला मदत करणारी संस्था सापडली तर तिला आश्रमापेक्षा आधी द्या, कारण ती मुलाला आईजवळ ठेवते.

मुलगी पाठवते त्या व्हिडिओतलं दुःख खरंही असेल. पण पैसे पाठवण्याआधी त्या रुग्णालयात फोन लावा. तिथल्या समाजसेवा विभागाला विचारा, हा रुग्ण आहे का, बिल किती झालं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का. या योजनेत ठरलेल्या आजारांवर राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. कित्येक घरं हे ठाऊक नसल्यामुळे घर गहाण टाकतात. तुमच्या मुलीने एका कुटुंबाला ही माहिती पोचवली आणि अर्ज भरून दिला, तरी तिच्या हजार रुपयांपेक्षा मोठं काम होईल. द्यायचेच असतील तर रुग्णालयाच्या खात्यावर रुग्णाच्या नावाने द्या.

शाळेचं बक्षीस मला पटत नाही. एक लाखाची ठेव ठेवली तर आजच्या दराने वर्षाला सहा-सात हजार व्याज येईल, आणि ते जाईल त्या मुलाला जो आधीच पहिला आला आहे. वीस वर्षांनी त्या रकमेत काय येणार? त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा, आठवीनंतर कोणत्या मुली गळतात आणि का. एखादीची सायकल, एखादीचा बस पास, एखादीची परीक्षा फी, यावर खर्च होणार असेल तर व्याजाची वाट न बघता रक्कमच चार-पाच वर्षांत वापरून टाका. नावाची इच्छा मात्र मनात असेल तर तिची लाज बाळगू नका. ‘यांच्या स्मरणार्थ’ अशी पावती करा.

सगळे पैसे एकदम देऊ नका, हे मी तुम्हाला अगदी बजावून सांगते. वयाची साठी उलटली की आधी आपल्या दवाखान्याची तजवीज. ती बाजूला काढल्यावर तीन लाख खरोखर मोकळे असतील, तर पहिल्या वर्षी पन्नास हजार द्या. वर्षभर बघा, दोनदा जाऊन या, वार्षिक अहवाल वाचा. पटलं तर पुढची तीन-चार वर्षं त्याच संस्थेला देत राहा, आणि आधी कळवून ठेवा की दरवर्षी एवढे येतील. संस्थांना मोठ्या रकमेपेक्षा खात्रीची रक्कम जास्त उपयोगी पडते. त्यावर त्या माणूस नेमू शकतात. आणि दुसऱ्या वर्षापासून ‘याच कामाला वापरा’ ही अटही काढून टाका. ज्यांचे हिशेब तुम्ही पाहिले आहेत त्यांना छपराची गळती आधी काढायची की औषधं आणायची, हे ठरवू द्या.

एक हिस्सा, म्हणजे तीस-चाळीस हजार, आपत्तीसाठी राखून ठेवा असंही सुचवते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं पाण्यात गेली. अशा वेळी पहिल्या आठवड्यात बिस्किटं आणि जुने कपडे ढिगाने येतात. तिसऱ्या महिन्यात, जेव्हा वाहून गेलेली माती परत टाकायची असते, दुभतं जनावर घ्यायचं असतं, तेव्हा कुणी विचारत नाही. तुमचे पैसे त्या तिसऱ्या महिन्यात जाऊ द्या.

मंडळाचे पावतीपुस्तक घेऊन दारात आले तर त्याच विश्वस्त कायद्यातल्या कलम ४१सी खालची धर्मादाय कार्यालयाची परवानगी दाखवा म्हणावं. ज्यांची न्यास म्हणून नोंदणी नाही त्यांना वर्गणी गोळा करायला ती लागते.

राहिलं ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट देणारं १९६१ च्या कायद्यातलं कलम. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर या देणगीवर तुम्हाला काहीच सवलत मिळत नाही, तेव्हा त्या तीन अक्षरांसाठी अडून बसू नका. जुन्या प्रणालीत असाल तर बहुतेक संस्थांच्या बाबतीत रकमेच्या निम्मी वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. २००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर नाही, आणि धान्य, कपडे अशा वस्तू दिल्या तरी नाही. नुसती पावती पुरत नाही, संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र (१९६१ च्या कायद्याखाली त्याचं नाव १०बीई) यावं लागतं. आर्थिक वर्ष संपल्यावर मेअखेरपर्यंत ते मागून घ्या. शिवाय ८०जी म्हणजे चांगल्या कामाची पावती नव्हे. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ या संस्थांच्या संकेतस्थळावरची नोंदही तशीच, ती फक्त संस्था कागदावर आहे एवढं सांगते.

पैसे चेकने किंवा बँकेतून द्या, खातं संस्थेच्याच नावाचं आहे हे पासबुकाच्या झेरॉक्सवर बघा. सचिवांच्या मोबाईल नंबरवर किंवा कुणी पाठवलेल्या क्यूआर कोडवर नको. पावत्या एका फाईलमध्ये लावा आणि ती फाईल कुठे आहे हे मुलीला सांगून ठेवा. पहिल्या भेटीला तिलाच सोबत न्या, एखाद्या शनिवारी ती आली की. हिशेबाचे कागद दोघींनी मिळून वाचा. काही अडलं तर त्या परिशिष्टांच्या झेरॉक्स मला पाठवा, मी वाचून कळवीन.